उपरी कोण, आपला कोण?

श्रोतेहो, आमच्या येरमाळ्यास चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची मोठी यात्रा भरते. देवीची पालखी डोंगरावरून खालीं येते, भाविक चुनखडीचे खडे वेंचतात, आणि गांवांत पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. त्या गर्दींत एखादें अनोळखी पोर समोर आलें, तर आमच्याकडील वृद्ध बाई त्याला नांव विचारीत नाहीं. ती विचारते, "कुणाचा रं तूं?" नांव मागाहून येतें. आधीं बाप, मग गांव, मग आजोळ. आणि एवढी चौकशी झाल्यावर त्या पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवावयाचा, कीं नुसतें "बरं, जा" म्हणावयाचें, हें ठरतें. छत्तीस वर्षें शाळेंत नवीं नांवें पटावर घेतांना मीही हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारीत आलों, हें सेवानिवृत्तीनंतर आतां ध्यानांत येतें.

"कुणाचा तूं" हा प्रश्न ज्या प्राचीन लोकांनीं आपल्या धर्मग्रंथांत पुन्हां पुन्हां उपस्थित केला, आणि त्याला एकाच ग्रंथांत परस्परांशीं न जुळणारीं उत्तरें नोंदवून ठेवलीं, ते लोक म्हणजे इस्राएल. त्यांच्याविषयीं आज बोलावयाचें योजिलें आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु त्याच लोकांची एक शाखा आपल्या कोंकणांत शेंकडों वर्षें नांदली, तेलाचे घाणे चालवीत राहिली, आपलीच मराठी बोलली. हा प्रश्न तिला कोणी विचारला, आणि तिनें तो कोणाला विचारला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

मला या विषयाचें वेड लागलें तें एका शब्दामुळें. कांहीं वर्षांपूर्वीं शिक्षकांच्या एका शिबिरानिमित्त अलिबागेस आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथें इस्राएल आळी आहे व त्या आळींत 'मागेन आबोथ' नांवाचें यहुदी प्रार्थनामंदिर आहे. जवळच राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनीं मला ओसरीवर बसवून चहा दिला, आणि पेटींतून जुन्या शास्त्राची मराठी प्रत काढून दाखविली. मीं सहज उघडलें तें पान निर्गमाच्या पुस्तकाचें होतें. इस्राएल लोक मिसर देशांत ज्या स्थितींत राहिले तिला मराठी भाषांतरकारांनीं शब्द योजला आहे 'उपरी'. मी चमकलों. हा शब्द आपल्या मराठी राज्याच्या जुन्या दप्तरांतला. गांवांत ज्याची वंशपरंपरेची जमीन, तो मिरासदार. आणि बाहेरून येऊन कराराची जमीन कसणारा, ज्याला गांवच्या मानपानांत वाटा नाहीं, तो उपरी. माझे आजोबा येरमाळ्यास आले ते या अर्थानें उपरीच. त्याला शंभर वर्षें होत आलीं, तरी गांवांतील एखादा म्हातारा अजूनही आमच्या घराला "बाहेरून आलेले" म्हणतो. त्यांत द्वेष नसतो; नुसती नोंद असते. पण नोंद असते.

इब्री भाषेंत या उपऱ्याला 'गेर' म्हणतात, आणि ज्याचा समाजाशीं कांहींच संबंध जडलेला नाहीं अशा परक्याला 'नोख्री'. हा भेद नीट ध्यानांत ठेवावा, कारण पुढील बराचसा वाद या दोन शब्दांमधील अंतरावर उभा आहे. गेर शेजारीं राहतो, कष्ट करतो. शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या, विसाव्यावर त्याचाही हक्क आहे. कापणीच्या वेळीं शेताच्या कडेचें पीक आणि खालीं पडलेल्या लोंब्या त्याच्यासाठीं व विधवा-अनाथांसाठीं सोडाव्यात, अशी आज्ञा आहे; आणि तिच्यामागें कारण दिलें आहे तें असें कीं, मिसर देशीं स्वतः भोगलेलें उपरेपण इस्राएलानें विसरूं नये. किंबहुना, त्यांचा मूळपुरुष अब्राहाम हाच उपरी होता. पत्नी सारा वारली तेव्हां तिला मूठमाती देण्यापुरतीही जागा त्याच्या नांवावर नव्हती. हित्ती लोकांना चारशें शेकेल रुपें मोजून त्यानें एक गुहा विकत घेतली. देवानें ज्याला सारा देश देऊं केला असें शास्त्र सांगतें, त्याची पहिली मिरास म्हणजे बायकोची कबर.

आतां विवाहाकडे वळूं. येथें ज्यांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात त्यांच्याच घरांत परक्या सुना आहेत. योसेफाची पत्नी मिसरी याजकाची कन्या. तिच्या पोटचे एफ्राईम व मनश्शे यांच्यापासून पुढें इस्राएलाचे दोन वंश चालले. मोशेची पत्नी सिप्पोरा ही मिद्यानी याजकाची मुलगी. मोशेनें कूशी स्त्री केली म्हणून त्याची बहीण मिर्याम हिनें नांवें ठेवलीं, तेव्हां कोड उठलें तें मिर्यामेच्या अंगावर, आणि सात दिवस छावणीबाहेर बसावें लागलें तें तिलाच. कथाकारानें त्यावर भाष्य केलेलें नाहीं. मिसरांतून जे लोक निघाले ते सगळे याकोबाचे वंशज होते असेंही शास्त्र म्हणत नाहीं. त्यांच्याबरोबर इतर लोकांचा मोठा मिश्र समुदाय होता. परक्या पुरुषाला वल्हांडणाच्या जेवणास बसतां येत नसे. पण ज्या उपऱ्यानें आपल्या घरच्या पुरुषांची सुंता करविली त्याला बसतां येई, आणि मग त्याला व जन्मतः इस्राएल असणाऱ्याला एकच नियम लागू.

याच्या उलट बाजूसही शास्त्र तितकेंच स्पष्ट आहे. कनान देशांतील सात लोकांशीं सोयरीक करूं नये, अशी अनुवादाच्या पुस्तकांत आज्ञा आहे. तिचें कारण मात्र रक्ताचें नसून उपासनेचें आहे: परक्या मुलीच्या पाठोपाठ परके देव घरांत शिरतील, ही धास्ती. शलमोन राजाच्या बाबतींत ती खरी ठरली, असें शास्त्रकार मानतात. मवाबी व अम्मोनी यांच्याविषयींचा नियम सर्वांत कडक. इस्राएल लोक वाळवंटांतून येत असतां या दोन लोकांनीं त्यांस वाटेवर भाकर-पाणी दिलें नाहीं, उलट शाप देण्यासाठीं मांत्रिक भाड्यानें आणला. सबब दहाव्या पिढीपर्यंतही त्यांचा मंडळींत प्रवेश होऊं नये. मिसरी मनुष्याची संतति तिसऱ्या पिढींत आंत येऊं शकते. मवाब्याची दहाव्या पिढींतही नाहीं.

हें एवढें कडक वचन मनांत ठेवून रूथची कथा ऐकावी.

बेथलेहेमांत दुष्काळ पडला म्हणून नामी, तिचा नवरा व दोन मुलगे मवाब देशांत जगावयास गेले. दुष्काळापायीं गांव सोडणें म्हणजे काय, हें मराठवाड्यांतील श्रोत्यांस मीं सांगावयास नको. तेथें नवरा वारला. मुलांनीं मवाबी मुली केल्या, आणि सुमारें दहा वर्षांनीं दोन्ही मुलगेही गेले. घरांत उरल्या तीन विधवा. नामी परत निघाली. एक सून, अर्पा, रडत रडत माहेरीं गेली. कथाकारानें तिला दोष दिलेला नाहीं. दुसरी, रूथ, सासूला सोडीना. सासूचे लोक, सासूचा देव आणि सासूच्या शेजारची मरणाची माती, या तीनही गोष्टी तिनें आपल्या मानिल्या. तिला कोणी विधि सांगितला नाहीं, कोणी परीक्षा घेतली नाहीं. रस्त्यावर उभ्या उभ्या एका थकलेल्या म्हातारीसमोर घेतलेली ती शपथ होती.

दोघी बेथलेहेमास आल्या तेव्हां जवाची सुगी चालली होती. रूथ लोंब्या वेंचावयास गेली. मघां सांगितलेली उपऱ्यासाठीं पीक सोडण्याची आज्ञा येथें प्रत्यक्ष कामास आलेली दिसते. शेताचा धनी बवाज शेतावर येतो, आणि आपल्या मुकादमाला पहिला प्रश्न विचारतो तो येडाईच्या यात्रेंतल्या म्हातारीचाच: ही मुलगी कोणाची? मुकादम तिचें नांव सांगत नाहीं. नामीबरोबर मवाबाहून आलेली ती मवाबी पोरगी, एवढेंच सांगतो. पुढें बवाजानें वेशींत दहा वडील मंडळींस बसवून, सर्वांच्या साक्षीनें तिच्याशीं विवाह केला. मुलगा झाला, त्याला नामीनें आपल्या मांडीवर घेतलें व शेजारणींनीं नांव ठेविलें ओबेद. ओबेदाचा मुलगा इशाय, आणि इशायाचा दावीद. इस्राएलाचा सर्वांत लाडका राजा हा ज्या बाईचा पणतू, तिच्या जातीला दहा पिढ्या दार बंद होतें!

पुढील काळच्या यहुदी शास्त्रकारांना हा पेंच अर्थातच जाणवला. त्यांनीं तो असा सोडविला कीं, नियम मवाबी पुरुषांना लागू आहे, स्त्रियांना नाहीं; कारण वाटसरूंना भाकर घेऊन रस्त्यावर जाणें हें पुरुषांचें काम, तें न केल्याचा दोष बायकांकडे कसा? याला पळवाट म्हणा कीं शहाणपण म्हणा. नियम न मोडतां माणूस आंत घेण्याची ही युक्ति आपल्या धर्मशास्त्रज्ञांनाही अपरिचित नाहीं. मला तर ती फार आवडते.

रूथच्या पुस्तकाचें दुसरें टोंक म्हणजे एज्राचें पुस्तक. इ. स. पूर्व ५८६ मध्यें बाबेलच्या राजानें यरुशलेमाचा विध्वंस केला व लोकांस धरून नेलें. पुढें इराणी सम्राटाच्या परवानगीनें कांहीं लोक परत आले, मंदिर उभें केलें. आणि रूढ कालगणनेप्रमाणें इ. स. पूर्व ४५८ मध्यें एज्रा नांवाचा शास्त्री तेथें आला. त्याला सांगण्यांत आलें कीं परत आलेल्या लोकांनीं, त्यांत याजक व पुढारीही आले, आसपासच्या लोकांच्या मुली केल्या आहेत. एज्रानें वस्त्रें फाडलीं, डोक्याचे व दाढीचे केंस उपटले. तीन दिवसांच्या आंत सर्वांनीं यरुशलेमास हजर व्हावें, न येईल त्याची मालमत्ता जप्त, असा पुकारा झाला. नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवशीं मंदिरापुढील चौकांत लोक बसले होते, पाऊस पडत होता, आणि ते कांपत होते, कांहीं त्या प्रकरणाच्या भयानें व कांहीं पावसानें. एवढा बारीक तपशील टिपणारा मनुष्य तेथें स्वतः असावा असें वाटतें. परक्या बायका व त्यांचीं मुलें यांना पाठवून द्यावें असें ठरलें. थोड्या लोकांनीं विरोध केला. चौकशी तीन महिने चालली, आणि पुस्तकाच्या शेवटीं ज्यांनीं परक्या बायका केल्या होत्या अशा शंभरांहून अधिक पुरुषांची नांवनिशीवार यादी दिली आहे. बायकांपैकीं एकीचेंही नांव नाहीं. त्या लेंकरें घेऊन कोठें गेल्या, हेंही नाहीं.

येथें एक घरची गोष्ट सांगतों. माझ्या धाकट्या बहिणीनें जातीबाहेर विवाह केला, तेव्हां आमच्या घरीं कोणी यादी केली नाहीं कीं सभा भरविली नाहीं. मात्र दोन वर्षें तिचें नांव पानावर बसलेल्या एकाही माणसानें काढलें नाहीं. आणि शाळेंत मुलांना समतेचे धडे देणारा जो मी, त्या मींही काढलें नाहीं. तिच्या पहिल्या मुलाच्या बारशाचें बोलावणें आलें, तें मीं सदऱ्याच्या खिशांत तसेंच ठेविलें. पुढें जाणें-येणें सुरू झालें, पण तें बारसें होऊन गेलें होतें. एज्राचें तें प्रकरण वाचतांना मला ती चिठ्ठी आठवते; म्हणून एज्राला क्रूर म्हणून हात झटकणें मला साधत नाहीं. त्याला काय भय वाटलें असेल तें समजतें. राज्य गेलेलें, लोक मूठभर, भोंवतीं बलाढ्य साम्राज्य. आणखी दोन पिढ्या अशाच गेल्या तर "इस्राएल" म्हणावयास कोणी उरेल काय? त्यानंतर थोड्याच वर्षांनीं आलेल्या नहेम्याला तर दुःख झालें तें भाषेचें. अश्दोद नगरच्या बायका केलेल्यांचीं मुलें अर्धी अश्दोदी बोलतात, यहुद्यांची भाषा त्यांना धड येत नाहीं, हें पाहून त्यानें कांहीं जणांना मारलें व त्यांचे केंस उपटले. अश्दोदाचें हें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. त्याच्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

आणखी एक खुलासा केला पाहिजे. जुन्या शास्त्रांत वंश चालतो तो बापाकडून. योसेफाचीं मुलें, मोशेचीं मुलें, बवाजाचा ओबेद, कोणाचीही आई कोण हें आड आलें नाहीं. आई यहुदी असेल तरच मूल यहुदी, हा नियम त्यानंतरच्या काळांतील शास्त्री मंडळींनीं, ज्यांना रब्बी म्हणतात त्यांनीं, रूढ केला, आणि तोच पुढें जगभर मान्य झाला. हा बदल न कळल्यास कोंकणांतील पुढची कथा समजणार नाहीं.

अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकांठीं नवगांव नांवाचें गांव आहे. परंपरा अशी सांगते कीं फार प्राचीन काळीं येथें एक गलबत खडकावर फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें किनाऱ्यास लागलीं. बाकीच्यांचीं प्रेतें गांवकऱ्यांनीं तेथेंच पुरलीं; तीं मातीचीं थडगीं अजून दाखवितात. त्या चौदा जणांची संतति म्हणजे बेने-इस्राएल, म्हणजेच इस्राएलाचीं लेंकरें. पोथ्या समुद्रांत बुडाल्या होत्या. लक्षांत राहिलें तें 'शमा' या मुख्य प्रार्थनेचे आरंभींचे शब्द, आठव्या दिवशींची सुंता, खाण्याचे निर्बंध, आणि शनिवारीं काम न करणें. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारीं घाणा बंद म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांना 'शनवार तेली' म्हटलें. ज्या गांवीं राहिले त्या गांवावरून आडनांवें घेतलीं: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर, नवगांवकर. नांवें सुद्धां मराठी वळणाचीं झालीं, शमुवेलाचा सामाजी आणि यहेज्केलाचा हसाजी. सणांचीं नांवें तर ऐकावींत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. बिरड्याचा सण म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिवस. त्या दिवशींच्या उपवासाला या नांवानें ओळखणारा यहुदी पृथ्वीवर दुसरीकडे सांपडणार नाहीं. लग्नांत मेंदी, वधूच्या गळ्यांत मंगळसूत्र, विधवेचा पुनर्विवाह शेजाऱ्यांप्रमाणेंच निषिद्ध. नवस फेडतांना एलिया संदेष्ट्याच्या नांवानें गोड पोह्यांचा मलिदा करतात. पुढें १८८० च्या सुमारास तर या मंडळींनीं अब्राहाम, योसेफ, दावीद यांचीं आख्यानें लावून मराठी कीर्तनेंही सुरू केलीं.

यांची यहुदी म्हणून पहिली ओळख पटविणारा पुरुष म्हणजे कोचीनचा दावीद राहाबी. हा अठराव्या शतकांतील गृहस्थ असावा असें बहुतेक अभ्यासक मानतात. आख्यायिका अशी आहे कीं त्यानें बायकांपुढें निरनिराळे मासे ठेवून रांधावयास सांगितलें. त्यांनीं खवलें व पर असलेले तेवढे उचलले, कारण शास्त्रांत तेवढेच खाण्यास योग्य ठरविले आहेत. राहाबीचा संशय फिटला. त्यानें झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांस शिक्षण देऊन धर्मकृत्यांसाठीं तयार केलें; त्यांना काजी म्हणत. येथेंही मला रूथच आठवते. कोणी वंशावळ विचारली नाहीं. स्वयंपाकघरांत काय चालतें तेवढें पाहिलें.

मुंबईंतील त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर कंपनी सरकारच्या लष्करांतील सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं मांडवी भागांत बांधलें. समाज शहरांत आला, शिकला, लष्करांत व रेल्वेंत, शाळांत व दवाखान्यांत मानाच्या जागीं गेला. आणि याच समाजांत दोन थर होते, गोरे इस्राएल व काळे इस्राएल. कातडीच्या रंगाशीं या शब्दांचा फारसा संबंध नव्हता. ज्यांचें कूळ दोन्हीं बाजूंनीं शुद्ध मानलें जाई ते गोरे. ज्यांच्या वंशांत कोणी बेने-इस्राएल पुरुषानें स्थानिक स्त्रीशीं संबंध केला होता ते काळे. रोटी नाहीं, बेटी नाहीं, प्रार्थनामंदिरांतही काळ्यांना दुय्यम स्थान. देव एक, शब्बाथ एक, सुंता एक. आणि पंक्ति दोन. हैम सामुएल केहीमकर या थोर गृहस्थांनीं १८९७ मध्यें लिहिलेला व १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापला गेलेला या समाजाचा इतिहास प्रसिद्ध आहे. हा भेद त्यांच्या काळीं चांगलाच जिवंत होता. जुन्या शास्त्राच्या हिशेबानें पाहिल्यास हे काळे इस्राएल, बापाकडून वंश चालत असल्यानें, योसेफाच्या मुलांच्याच पंगतीचे. पण त्यांना मापलें गेलें तें आईच्या मापानें, आणि कांहीं अंशीं कोंकणांतल्या जातींच्या मापानें. शेजाऱ्यांपासून आपण केवळ मंगळसूत्र व मेंदी घेत नसतों.

अलिबागेच्या त्या बाईंना मीं हें भीत भीत विचारलें. त्या हंसल्या. म्हणाल्या, "होते ना गुरुजी. आमच्या सासूबाई काळ्यांच्या घरचं पाणी घेत नसत. मग आमचे थोरले दीर इस्राएलला गेले, तर तिकडे त्यांच्याच मुलीला लग्नाच्या वेळी विचारलं, तुझ्या आजीची आई कोण होती ते सांग. सासूबाई तेव्हा हयात होत्या. पत्र वाचून दाखवलं, तर काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या."

हा प्रसंग खासगी असला तरी त्याच्यामागील इतिहास सार्वजनिक आहे. तो कांहीं अंशीं मुंबईंतच सुरू झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बगदादकडील यहुदी व्यापारी येथें आले. आरंभीं ते बेने-इस्राएलांच्याच प्रार्थनामंदिरांत जात. पण १८३६ सालीं त्यांनीं सरकारकडे मागणी केली ती दफनभूमींत दोन्हीं समाजांच्या थडग्यांमध्यें भिंत घालण्याची. यांच्या रक्तांत परकें रक्त आहे, यांच्या काडीमोडी शास्त्रोक्त नाहींत, हा त्यांचा आक्षेप. गोऱ्यांनीं काळ्यांना जें म्हटलें तेंच बगदादी लोकांनीं गोऱ्या-काळ्या सर्वांना मिळून म्हटलें.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें. भारतांत त्या वेळीं सुमारें वीस हजार बेने-इस्राएल असावेत. त्यांपैकीं बहुसंख्य पुढील दोन-तीन दशकांत तिकडे गेले. आरंभ कडू झाला. नोकरी व घरांबाबत अन्याय होतो अशी तक्रार करून कांहीं कुटुंबें १९५२ मध्यें मुंबईस परत आलीं, आणि त्यांतील पुष्कळ पुन्हां गेलीं. खरा घाव बसला तो विवाहावरून. त्या देशांत यहुद्यांचे विवाह रब्बींच्या हातीं आहेत. कांहीं रब्बी बेने-इस्राएलांचे विवाह इतर यहुद्यांशीं लावण्यास तयार होईनात. शतकानुशतकें जगापासून तुटलेल्या या लोकांत घटस्फोट शास्त्राप्रमाणें झाले असतील काय, नात्यांतले निषिद्ध विवाह झाले नसतील ना, परक्या स्त्रिया आल्या नसतील ना, अशी त्यांची शंका. १९६१ च्या अखेरीस मुख्य रब्बींच्या मंडळानें असे विवाह करण्यास हरकत नाहीं असा निर्णय दिला. पण फेब्रुवारी १९६२ मध्यें नोंदणी करणाऱ्यांस सूचना निघाल्या कीं, बेने-इस्राएल अर्जदाराची आई, आजी, आणि जेथवर पोहोंचतां येईल तेथवर मागील पिढ्या यहुदी होत्या कीं काय याची चौकशी करावी. एकाच समाजाचें नांव घालून काढलेल्या या सूचना! जे आपल्याच भावांना तीन-चार पिढ्या मागें नेऊन तपासत होते, ते आतां स्वतः खिडकीपाशीं उभे होते.

एक गोष्ट सांगितली पाहिजे कीं ते मुकाट्यानें उभे राहिले नाहींत. मोर्चे निघाले, यरुशलेमास धरणें धरिलें, आणि १९६४ च्या उन्हाळ्यांत प्रकरण इतकें तापलें कीं ऑगस्ट महिन्यांत तेथील संसदेची, म्हणजे क्नेसेटची, खास बैठक झाली. लेव्ही एश्कोल हे त्या वेळीं पंतप्रधान होते. बेने-इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत, इतरांत व त्यांच्यांत भेद नाहीं, असा ठराव झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बींनीं सूचनांतून त्या समाजाचें नांव काढून टाकलें. ज्या कोणाच्या घराण्याविषयीं संशय असेल त्याची चौकशी, एवढें सामान्य वचन राहिलें. शास्त्रार्थानें नव्हे, तर ठरावानें व धरण्यानें दार उघडलें, असें कोणी म्हणेल. पण एज्राच्या काळीं ज्यांना पाठवून द्यावें असें ठरलें त्या बायकांना धरणें धरण्याची सोय नव्हती, हेंही विसरूं नये.

आतां शास्त्रज्ञांकडे येऊं. २०१६ सालीं बेने-इस्राएलांच्या आनुवंशिक द्रव्याचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं यांच्या वंशांत मध्यपूर्वेंतील यहुदी अंश निश्चित आहे, आणि भारतीय अंशही भरपूर आहे. हें मिश्रण गेल्या हजार वर्षांच्या आंत, सुमारें १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं झालें असावें. आणि त्यांत यहुदी बाजूनें पुरुष अधिक व स्थानिक बाजूनें स्त्रिया अधिक होत्या. नवगांवच्या सात पुरुष व सात स्त्रियांच्या कथेवर मी यावरून कांहीं निकाल देऊं इच्छीत नाहीं. कथा निराळ्या कामासाठीं असतात. परंतु सासूबाई ज्या घरचें पाणी घेत नसत त्या घरांत आणि त्यांच्या स्वतःच्या घरांत भेद होता तो एवढाच, कीं एका घरची कोंकणी आजी लोकांच्या आठवणींत होती, आणि दुसऱ्या घरची फार जुनी झाल्यामुळें विसरली गेली होती. बेने-इस्राएलांच्या रूथेला कोणी पुस्तक लिहिलें नाहीं. ती कोळ्याची होती कीं कुणब्याची, तिनें वाटेवर शपथ घेतली कीं नाहीं, कोणी जाणत नाहीं. पण शनिवारीं चूल थंड ठेवावयास आणि खवलेंवाला मासा निवडावयास तिनेंच आपल्या मुलींना शिकविलें असलें पाहिजे. नाहीं तर राहाबीला ओळख पटली नसती.

गोरे-काळे हा भेद आतां मोडला आहे. महाराष्ट्रांत हा समाज फार थोडा उरला. २०१६ सालींच राज्य सरकारनें यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. नवगांवाहून व अलिबागेहून गेलेल्यांचीं नातवंडें अधूनमधून येऊन थडगीं पाहून जातात.

तिकडे गेलेले बेने-इस्राएल लोद, रामला, बेरशेबा, दिमोना या गांवीं वसले, आणि पुष्कळ जण अश्दोदास. होय, तेंच अश्दोद, जेथील आयांचीं मुलें अर्धवट बोलत म्हणून नहेम्यानें बापांचे केंस उपटले होते. त्या गांवीं आपल्या कोंकणच्या आज्या नातवंडांशीं मराठी बोलत आल्या, आणि नातवंडें अर्धी मराठी, अर्धी इब्री उत्तरें देत आलीं. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकही त्या देशांत निघूं लागलें. अलिबागेच्या बाईंनीं मला त्याचा एक जुना अंक दाखविला. त्यांत काय आहे असें विचारतां म्हणाल्या, "बिरड्याची कृती आहे, आणि कोण वारलं, कुणाचं लग्न झालं ते." मग चष्मा लावून त्यांनीं एका लग्नाच्या बातमीवर बोट ठेविलें, व मुलीच्या बापाचें आडनांव दोनदां वाचून मला विचारलें, "हे आपल्यातले कुणाचे बरं?"